मराठी शाळेत शिकले, बेळगावात आशाचं काम जमेल का?

प्रश्न बेळगावातल्या शहापूरच्या एका २९ वर्षांच्या बाईंचा आहे. दहावी मराठी माध्यमातून झाली, कन्नड बोलता येतं, लिहिता-वाचताना अडखळायला होतं. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, दोन मुलं शाळेत. वॉर्डात शहरी आशाची, म्हणजे वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्य सेविकेची, जागा निघणार असं कानावर आलंय. काम खरं काय असतं, कन्नडवाचून अडतं का, आणि हातात किती पडतात, असं त्यांनी विचारलंय.

मी २०१५ पासून बेळगावात शहरी आशा आहे. वयानं मोठी, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

पैशांचं आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरवशील. ही नोकरी नव्हे. कागदावर आपण 'स्वयंसेविका', आणि मिळतं ते मानधन. २०२५च्या सुरुवातीला राज्य सरकारचे महिन्याचे ५००० ठरलेले होते, त्यावर कामागणिक पैसे. नवजात बाळाच्या घरभेटी पूर्ण केल्या की २५०. तिशीच्या वरच्या माणसाचा बीपी-शुगरचा फॉर्म भरला की १०. शहरात गरीब घरातल्या बाईचं बाळंतपण दवाखान्यात झालं आणि गरोदरपणाच्या तपासण्याही नीट झाल्या, तर ४००. नोंद पोर्टलवर चढली नाही, तर काम होऊनही पैसे अडकतात. आणि नोंद चढवणं आपल्या हातात नसतं. २०२५च्या जानेवारीत राज्यभरच्या आशा बंगळुरात फ्रीडम पार्कवर जाऊन बसल्या, तेव्हा महिन्याला किमान १०,००० देऊ असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. पण तू आश्वासनावर हिशेब मांडू नकोस. सध्या ज्या आशा काम करतात त्यांच्यापैकी दोघींची पासबुकं बघ आणि मग ठरव. घरात दुसरा पगार नसता, तर मी तुला सरळ नको म्हटलं असतं.

आता कन्नडचं. बोलता येतं ना, मग अर्धं काम झालं. वाचता येत नाही, ते मात्र शिकावंच लागेल, कारण रजिस्टर कन्नडमध्ये, फॉर्म कन्नडमध्ये, मीटिंगचा निरोप कन्नडमध्ये. माझंच सांगते. पहिल्या वर्षी गरोदर बायकांच्या रजिस्टरात दोन रकाने शेजारी शेजारी होते. एक 'हिंदिन भेटि', दुसरा 'मुंदिन भेटि'. हिंदिन म्हणजे मागची, मुंदिन म्हणजे पुढची. मी अक्षर अक्षर लावून वाचत होते, आणि घाईत दोन्ही उलटे भरले. पुढच्या तपासणीच्या जागी होऊन गेलेली तारीख पडली. पुढं ज्यांनी यादी काढली त्यांना वाटलं, हिची तपासणी झालेली आहे. त्यातली एक बाई सहाव्या महिन्यात होती, हिमोग्लोबिन ८च्या आत. महिनाभर तिला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. पुढं तिचं सगळं नीट झालं, पण तो महिना माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्यानंतर मी मुलीचं पहिलीचं कन्नड पुस्तक घेऊन रोज रात्री बसले. तीन महिन्यांत वाचायला आलं.

तुला वाटतंय तेवढं ते अवघड नाही. दवाखान्यातले निम्मे शब्द आपलेच आहेत. गर्भिणी, क्षय, ज्वर. बाळंतिणीला 'बाणंति' म्हणतात. 'गुळिगे' म्हणजे गोळी, 'लसिके' म्हणजे लस, 'हेसरु' म्हणजे नाव, 'एष्टु तिंगळु' म्हणजे किती महिने. असे चाळीस-पन्नास शब्द वहीत उतरवून ठेव, रजिस्टर आपोआप उलगडतं. 'ताई कार्ड'चा घोळ तेवढा लक्षात ठेव. गरोदर बाईला मिळणाऱ्या कार्डाला इथं ताई कार्ड म्हणतात. कन्नडमध्ये ताई म्हणजे आई. आपल्या मराठी बायकांना वाटतं, हे आशाताईचं कार्ड. एकीनं नऊ महिने ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. "तुमचंच हाय की ओ, म्हणून जपून ठेवलोय," म्हणाली.

आणि भाषेचं एक वेगळं. माझ्या भागात एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत कन्नड, नाल्याकडेला दखनी बोलणारी मुसलमान घरं, आणि नव्या इमारतींच्या पायाशी पत्र्याच्या शेडमध्ये विजापूर-गुलबर्ग्याकडचे मजूर. सीमाप्रश्नावर माझं मत पक्कं आहे, ते घरात. रजिस्टर घेऊन निघाले की त्यावर कुणी कितीही डिवचलं, तरी मी "पाणी किती दिवसांनी आलं तुमच्याकडं?" असं विचारते, विषय आपोआप पाण्यावर जातो. १ नोव्हेंबरला मात्र मी घरभेट ठेवतच नाही. एकीकडं काळा दिन, दुसरीकडं राज्योत्सवाची मिरवणूक. त्या दिवशी कोण कुठल्या गल्लीत कुणाकडं गेलं, ह्याचासुद्धा अर्थ काढला जातो.

काम काय असतं, तर नियमानं शहरात एका आशाकडं २०० ते ५०० घरं, म्हणजे १००० ते २५०० माणसं. २०१३ला राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान आलं, तेव्हापासूनचं हे मोजमाप. साधारण ५०,००० वस्तीला एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र. शिवाय २०२२च्या डिसेंबरपासून 'नम्म क्लिनिक' निघाली, तिथं साधी तपासणी आणि औषध फुकट. वस्तीतल्या बायकांची महिला आरोग्य समिती असते, ५० ते १०० घरांमागं एक, तिला वर्षाला ५००० रुपये मिळतात. ट्रेनिंगमध्ये हे सगळं शिकवतील. गरोदर बायका, लसी, कुटुंब नियोजन, बीपी-शुगर, टीबी, डेंग्यू, ओआरएसची पाकिटं हेही शिकवतील. यादी कशी करायची, हे मात्र कुणी शिकवत नाही. आणि यादीवरच सगळं उभं आहे.

पहिल्या सर्वेक्षणात जी घरं लिहिली जातात ती मालकांची असतात. आपली गरज असलेली माणसं माडीवरच्या भाड्याच्या खोलीत, गोठ्याच्या मागं काढलेल्या दोन खणांत, नाहीतर शेडमध्ये असतात. घरमालकाला विचारलं तर तो म्हणतो, "कोण न्हाई, आमीच." भाडेकरू सांगितला तर घरपट्टी वाढेल असं त्याला वाटतं. म्हणून दारात उभं राहून "घरात गरोदर कोण आहे का?" असं विचारू नकोस. मी गच्चीवरच्या दोऱ्या बघते. लहान दुपटी वाळत असली की जिना चढायचा. संध्याकाळी धुरीचा वास आला की समजायचं, बाळंतीण आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारायचं, दूध कुणाचं वाढलंय. शेडमधल्या बायका सकाळी आठला कामावर जातात, म्हणून तिथं सात वाजता. धुणी-भांडी करणाऱ्या दोनच्या पुढं घरी सापडतात. अकरा वाजता फिरलीस तर निम्म्या दारांना कुलूप, आणि रजिस्टरात 'घर बंद' लिहून येशील. ते लिहायला सोपं आहे, आणि ती सवय लवकर लागते.

सगळ्यात जास्त निसटतात त्या माहेरवाशिणी. आपल्याकडं हे जास्त, कारण चंदगडचा भाग आपल्याला खेटून. शिनोळीपासून पुढं महाराष्ट्र, पण तिकडच्या लोकांना दवाखाना म्हटला की बेळगाव. आपल्या मुली तिकडं दिलेल्या, पहिल्या बाळंतपणाला सातव्या-आठव्या महिन्यात इकडं येतात. सासरची आशा म्हणते, गेली ती माहेरी, तिकडची बघेल. माहेरच्या आशाला ती आल्याचा पत्ताच नाही. दोन राज्यांच्या दोन रजिस्टरांत तिचं नाव असायला हवं, ते प्रत्यक्षात एकाही चालू पानावर नसतं.

अशीच एक मला दुपटी बघून सापडली. वडगावच्या बोळात माडीवर. मी जिना चढत होते तेव्हा खालची बाई म्हणाली, "ती आमच्यातली न्हवं, चंदगडची हाय. तुमच्या यादीत कशाला यील?" वर गेले. खिडकी लावलेली, बाजेखाली शेगडी, खोलीत इतका धूर की माझेच डोळे चुरचुरले. बाळ नऊ दिवसांचं, दुपट्यात घट्ट बांधलेलं. आजी म्हणाली, "आत्ता झोपलंय, उठवू नका. गुणाचं हाय, रडत न्हाई."

नऊ दिवसांचं बाळ रडत नाही आणि दूध मागत नाही, हे ऐकलं की तुझे कान टवकारले पाहिजेत. मी हात धुतले, दुपटं सोडलं. पाय गार. घड्याळ काढून श्वास मोजले, पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, बाळाचा श्वास मधेच थांबतो, मधेच भराभर चालतो, हिशेब चुकतो. ६८ आले. परत मोजले, ६६. ६० किंवा त्याच्यावर दोनदा आले म्हणजे तिथं बसून चर्चा करायची नाही. छाती खाली ओढली जात होती तेही दिसलं. आजीला मी धुराबद्दल एक शब्द बोलले नाही. त्या वेळी बोलले असते, तर पुढचा अर्धा तास "आमची चार पोरं अशीच वाढली" ऐकण्यात गेला असता. "बाळाला आईच्या छातीशी उघडं धरा, वरनं शाल घ्या, आपण आत्ता रिक्षानं निघतोय" एवढंच म्हटलं. बाळंतिणीची चप्पल सापडेना, तशीच अनवाणी आली. सरकारी दवाखान्यात बाळ आठ दिवस काचेच्या पेटीत होतं. शेगडीचं मी नंतर बोलले, सव्वा महिन्याच्या भेटीत, तेव्हा आजीनं स्वतःच खिडकी उघडून ठेवली होती.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरभेटी सहा. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी जन्मलं तर पहिल्या दिवसाची धरून सात. त्या बाळाच्या पहिल्या दोन भेटी कुणीच केल्या नव्हत्या.

म्हणून आता मी काय करते ते सांगते. माहेरवाशीण सापडली की तिचं महाराष्ट्रातलं माता-बाल कार्ड मागते आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक माझ्या वहीत उतरवते. सासरच्या आशाचा फोन नंबर तिच्या नवऱ्याकडनं मिळवते आणि तिला फोन करते. भाषा एकच, दोन मिनिटांचं काम. बाळाच्या लसी इथं झाल्या की कार्डावर तारीख आणि दवाखान्याचं नाव स्पष्ट लिहून घेते, कारण सव्वा महिन्यानंतर सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या) डोसपैकी एक इथं, दोन तिकडं असं होतं. डोस राहतो तो ह्या जाण्या-येण्यातच. लसीकरणाच्या सरकारी यू-विन पोर्टलमध्ये मोबाइल नंबरवर नोंद असते, पण नंबर कुणाचा दिला ते विचार. माहेरच्या भावाचा दिला असेल, तर पुढच्या डोसचा मेसेज त्याच्या फोनवर येतो आणि तो बघतही नाही. आणि कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण आधार कर्नाटकाचं असेल तर. तिला दवाखान्यात बोलावताना तिच्याकडं येण्या-जाण्याचे पैसे आहेत का, हेही बघावं लागतं.

योजनांबद्दल लोक तुला फार विचारतील. आपल्या बाजूला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक, बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. अपघात, हृदयविकार असलं तातडीचं सोडलं, तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन चिठ्ठी घ्यावी लागते. लोक थेट खासगीत जाऊन दाखल होतात आणि बिल हातात आलं की आपल्याला फोन करतात. २०२३ला महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावरून दोन्ही सरकारांत वाजलंही. तुझ्याकडं कुणी त्याबद्दल आलं, तर त्या दवाखान्याच्या काउंटरवर स्वतः जाऊन विचारायला सांग. "मिळेल" असं तू तोंडानं म्हणू नकोस. नाही मिळालं, तर सरकारला कोणी बोलत नाही, तुला बोलतात.

टीबीचं जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या घरात फौंड्री आहे. वडगाव-खासबागेत लूम (यंत्रमाग), उद्यमबागेत फौंड्री, दोन्हीकडं खोकला हा कामाचाच भाग मानतात. लूमवाला म्हणतो सुताची धूळ, फौंड्रीवाला म्हणतो वाळू. साच्याच्या वाळूतली बारीक सिलिका फुप्फुसात बसते आणि तसल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, तेव्हा वाळूचा खोकला म्हणून सोडून देण्यात दुहेरी धोका. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचाच. डबी दिली की लोक थुंकी भरून आणतात. पारदर्शक, फेसाळ. त्याचा उपयोग नाही. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, मोकळ्यावर जाऊन, दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन पोटातून खोकायला सांग. घट्ट, पिवळसर आलं तर ते.

एक लूमवाला होता, त्याचा बेडका पॉझिटिव्ह आला. मालकाला कळलं तर लूम जाईल आणि खोलीही, कारण दोन्ही त्याच मालकाचं. तो मला दारात उभं करेना. त्याची बायको कांड्या भरत होती, लूमच्या खडखडाटात तिनं मला नुसती मान हलवून 'जा' म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन गेले आणि मालकाच्या देखत मोठ्यानं म्हटलं, "डेंग्यूचं बॅरल बघायचंय." मागं मोरीत बॅरलपाशी उभं राहून त्याच्याशी बोलले. सहा महिने मी त्याच्याकडं बॅरल बघायला जात होते. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दुसऱ्या महिन्यात ताप जातो, भूक लागते, वजन चढतं, आणि गोळ्या सुटतात त्या तेव्हाच. त्या दिवसांत जास्त जायचं. टीबीच्या पेशंटला सरकारकडनं पोषणाचे पैसे आता महिना १००० मिळतात, २०२४च्या नोव्हेंबरच्या आधी ५०० होते. त्याचं बँक खातं बंद पडलेलं, ते चालू करण्यात तीन फेऱ्या गेल्या. घरातल्या पोरांनाही तपासून प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू केल्या. कोर्स संपला त्या दिवशी त्यानं मला बॅरल खरंच उघडून दाखवलं. अळ्या होत्या.

डेंग्यूचं त्यावरूनच सांगते. शहरात १० वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, बाकी ठिकाणी राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी काही दिवसांआड, म्हणून घरोघर बॅरल. "पाणी ओता" म्हणालीस तर बाई तुला हाकलेल, आणि तिचं बरोबर आहे. पाणी कपड्यानं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, आणि रिकाम्या बॅरलची आतली कड ब्रशनं घासायची. अंडी पाण्यात नसतात, कडेला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून काही होत नाही. आठवड्यातून एकदा, वार ठरवून दे.

तू काय करायचं नाही, तेही सांगते. इंजेक्शन द्यायचं नाही, कुणी कितीही "अक्का, तुम्हीच टोचा की" म्हणालं तरी. गोळी आपल्याला दिलेल्या औषधांच्या किटातली तेवढीच. एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही, सासूला सुनेचं तर मुळीच नाही. सून तांबीच्या चौकशीला येते, सासू नातवाच्या. दोघींना एकाच दिवशी भेटू नकोस.

जागेची चौकशी तुझ्या भागातल्या शहरी आरोग्य केंद्रात कर, तिथल्या सिस्टरना विचार. त्याच वस्तीत राहणारी बाई लागते, म्हणून रेशन कार्ड आणि आधार शहापूरच्या पत्त्याचं आहे ना ते बघ. दहावीचं मार्क कार्ड ने. जायच्या आधी एखाद्या आशाबरोबर दोन सकाळी फिरून ये, शहापुरातली कुणीही नेईल. माझ्याबरोबर यायचं असेल तर गुरुवारी मी शेडकडं असते, सात वाजता. चप्पल जुनी घाल, तिथं चिखल असतो. आणि मुलं दुपारी शाळेतनं आली की कोण बघणार, ते सासूबाईंशी आत्ताच बोलून घे, कारण बाळंतपणाचा फोन बहुतेक रात्री अडीचला येतो आणि तू परत कधी येशील ते कुणाला सांगता येत नाही.